नाण्यावरील सिंह

मुलांनो, एक रुपयाचे नाणे हातात घ्या. त्याच्या एका बाजूला सिंह दिसतील. दिसतात तीन, पण आहेत चार. चौथा मागच्या बाजूला आहे. सारनाथ येथील सम्राट अशोकाच्या स्तंभावरचे हे सिंह. २६ जानेवारी १९५० रोजी भारत प्रजासत्ताक झाला, त्याच दिवशी ही आपली राजमुद्रा झाली. प्रजासत्ताक म्हणजे तुमच्या उर्दूतील 'जम्हूरिया'.

आता नाणे नीट पाहा. त्यावर पंतप्रधानांचे नाव कोठे आहे का? नाही. नाणे देशाचे असते, सरकारचे नव्हे. या दोहोंत फरक काय? १९९९ सालची एक घटना ऐका.

तेव्हा श्री. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान होते. त्यांचे सरकार अनेक पक्षांच्या पाठिंब्यावर उभे होते. एप्रिल महिन्यात त्यांतील एका पक्षाने पाठिंबा काढून घेतला. तेव्हा राष्ट्रपती श्री. के. आर. नारायणन यांनी त्यांना लोकसभेत बहुमत सिद्ध करण्यास सांगितले. १७ एप्रिलला मतदान झाले. सरकारच्या बाजूने २६९ मते पडली, विरुद्ध २७०. अवघे एक मत कमी! सरकारला राजीनामा द्यावा लागला.

एका मताने एवढे मोठे सरकार कसे पडते, असे तुम्ही विचाराल. आपल्या देशात जनता पंतप्रधानांना थेट निवडत नाही. ती खासदार निवडते. लोकसभेचा विश्वास असेपर्यंतच मंत्रिमंडळ टिकते. राष्ट्रपतींचे तसे नाही. निवडून आलेले खासदार आणि आमदार त्यांना पाच वर्षांसाठी निवडतात. सरकार पडले तरी राष्ट्रपती पदावर राहतात आणि नवे सरकार येईपर्यंत जुन्याच मंत्रिमंडळाला काम पाहण्यास सांगतात. अशा सरकारला काळजीवाहू सरकार म्हणतात.

त्या वर्षी दुसऱ्या कोणालाही बहुमत जमवता आले नाही. लोकसभा विसर्जित झाली. आणि नेमके याच काळात कारगिलचे युद्ध पेटले! दिल्लीत सरकार काळजीवाहू होते. पण जुलैमध्ये टायगर हिलवर आपल्या सैनिकांनी फडकवलेला तिरंगा काही काळजीवाहू नव्हता. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावर तोच तिरंगा श्री. वाजपेयी यांनी फडकवला. पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निवडणुका झाल्या आणि या वेळी पुरेशा खासदारांच्या पाठिंब्याने तेच पुन्हा पंतप्रधान झाले.