फवारणी पंपाची बॅटरी दरवर्षी का बसते? नवीन घेण्याआधी चार्जर तपासा

मागच्या खरिपात सोयाबीन फुलावर होतं आणि अळी पडली होती. दोन माणसं सांगून ठेवली, औषध आणलं, रात्रभर पंप चार्जिंगला लावला. सकाळी चौथ्या टाकीलाच बॅटरी बसली. नवीन असताना हीच बॅटरी एका चार्जिंगवर पंधरा-सोळा टाक्या ओढायची. अर्धं वावर फवारून झालं, अर्धं राहिलं. दुपारी पाऊस लागला तो चार दिवस हटला नाही. राहिलेल्या अर्ध्या वावराची पानं अळीने चाळणी केली.

दोन हंगामांत ही माझी दुसरी बॅटरी होती. पहिली अकराशेची, दुसरी साडेअकराशेची. तिसरी घ्यायला तालुक्याला गेलो तेव्हा बॅटरी दुरुस्त करणारा मिस्त्री म्हणाला, "भाऊ, बॅटरी नेऊ नका. आधी घरचा चार्जर घेऊन या."

दुसऱ्या दिवशी चार्जर नेला. दुकानात मीटर लावून पाहिलं तर 14.4 व्होल्ट, म्हणजे बरोबर. मी म्हटलं, मग बॅटरी काहून बसते? तो म्हणाला, "हाच चार्जर तुमच्या घरी रात्री एक वाजता मोजा."

मोजला. संध्याकाळी सातला घरच्या लाइनला 185 व्होल्ट होतं, बॅटरीत काहीच जात नव्हतं. रात्री एक वाजता लाइन 252 वर गेली आणि चार्जर बॅटरीला 15.6 व्होल्ट देत होता. बॅटरी हाताला गरम लागत होती.

नेमकं होतं काय?

आपल्या पाठीवरच्या पंपात बहुतेक वेळा 12 व्होल्ट 8 एएचची शिसे-अ‍ॅसिडची सीलबंद बॅटरी असते. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या चार्जरमध्ये आत व्होल्टेज सांभाळणारं काही नसतं. बाहेरची लाइन पडली की त्याचा दाब पडतो, लाइन चढली की चढतो. गावात संध्याकाळी सगळ्यांचे दिवे, टीव्ही, मिक्सर सुरू असतात, तेव्हा लाइन पडते. मध्यरात्री सगळं बंद झालं की चढते. आपण मात्र चार्जर संध्याकाळी लावतो आणि सकाळीच काढतो.

दाब कमी पडला तर बॅटरी अर्धवट भरते. अर्धी रिकामी बॅटरी पडून राहिली की आतल्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचा कडक थर धरतो आणि तेवढा भाग कामातून जातो. दाब जास्त झाला तर आतल्या पाण्याचा वायू होऊन उडून जातो. सीलबंद बॅटरीत पाणी परत टाकता येत नाही. ती आतून सुकते, कधी पोट फुगतं. माझ्या बॅटरीला दोन्ही रोग एकाच रात्रीत लागत होते.

खर्च कशाचा?

लोक म्हणतात चार्जिंगला लाइट बिल येतं. हिशेब करून पाहा. 12 गुणिले 8 म्हणजे 96 वॉट-तास, एका युनिटचा दहावा भागसुद्धा नाही. चार्जिंगमध्ये वाया जाणारं धरून दीड दशांश युनिट समजा. युनिटला दहा रुपये धरले तरी एक चार्जिंग दीड रुपयाला पडते. हंगामात तीस वेळा चार्ज केली तर पंचेचाळीस रुपये. लाइट स्वस्त आहे, महाग पडते ती बॅटरी. अडीचशेच्या चार्जरने माझ्या सव्वादोन हजारांच्या बॅटऱ्या खाल्ल्या. अर्ध्या वावराचं नुकसान वेगळंच.

चार्जर घेताना काय पाहायचं?

- इनपुटवर 100 ते 240 व्होल्ट असं छापलेलं पाहा. असा चार्जर लाइन पडली तरी बाहेरचा दाब सारखा ठेवतो.
- बॅटरी भरल्यावर आपोआप कमी होणारा चार्जर हवा. नुसता हिरवा दिवा लागतो म्हणून विश्वास ठेवू नका. हिरवा लागल्यावर मीटर लावा. दाब 13.5 ते 13.8 वर उतरला पाहिजे.
- बॅटरीच्या अंगावरचं वाचा. 'सायकल यूज' समोर भरतानाचं व्होल्टेज दिलेलं असतं, साधारण 14.4 ते 15. 'स्टँडबाय यूज' समोर 13.5 ते 13.8 असतं. 'इनिशियल करंट' म्हणजे त्याच्यापेक्षा जास्त अँपिअरचा चार्जर लावायचा नाही. ट्रॅक्टरच्या बॅटरीचा मोठा चार्जर पंपाला लावू नका.

घरच्या घरी तपासणी

साधा डिजिटल मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. चार-पाच जणांत एक घेतला तरी चालतो. डीसी 20 व्होल्टवर ठेवा. चार्जर काढून तीन-चार तासांनी मोजा. 12.7 ते 13 असेल तर बॅटरी भरलेली. 12.2 च्या आसपास अर्धी. 12 च्या खाली जवळजवळ रिकामी. आता पंप सुरू करून परत मोजा. भरलेली दाखवणारी बॅटरी पंप सुरू होताच 10.5 च्या खाली आली तर ती संपली, तिच्यावर आणखी खर्च करू नका.

चार्जिंगच्या सवयी

फवारणीहून आलं की त्याच दिवशी चार्जिंगला लावा. "उद्या लावू" यातच बॅटरी मरते. चार्जर ठीक असेल तर रिकामी बॅटरी भरायला सहा-सात तास लागतात. हंगाम संपला की पंप कोपऱ्यात पडतो तो थेट पुढच्या खरिपात निघतो. या मधल्या काळात बॅटरी आपोआप थोडी थोडी उतरत जाते. म्हणून पूर्ण भरून ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा.

उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवू नका. उष्णता साधारण दहा अंशांनी वाढली की शिशाच्या बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं असा ठोकताळा आहे. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली काय होत असेल ते सांगायला नको. चार्जिंग मोकळ्या हवेत करा. कुटार, डिझेल, चूल यांच्यापासून लांब, कारण निघणारा वायू पेट घेतो.

झटका मशीन आणि लिथियम

रानडुकरं आणि रोह्यांसाठी लावलेल्या झटका मशीनलाही हेच लागू आहे. 12 व्होल्टचं म्हटलेलं सोलर पॅनल उन्हात 17-18 व्होल्टपर्यंत देतं. मशीनच्या आत चार्ज कंट्रोलर नसेल आणि पॅनलची वायर थेट बॅटरीला जोडली असेल तर बॅटरी उन्हाळ्यात सुकते. पावसाळ्यात आभाळ असलं की भरत नाही आणि नेमकी रात्री कुंपण बंद पडतं. आभाळाच्या दिवसांत अधूनमधून घरी आणून चार्ज करा.

काही नवीन पंपांत लिथियम बॅटरी येते. ती हलकी असते आणि जास्त वर्षं टिकते, पण तिला तिच्यासोबत आलेलाच चार्जर लावायचा. शिशाच्या बॅटरीचा चार्जर लावला तर आगीचा धोका आहे.

संपलेली बॅटरी उकिरड्यावर फेकू नका. आत शिसं आणि अ‍ॅसिड असतं, ते विहिरीच्या पाण्यात उतरतं. दुकानदार नवीन घेताना जुनीचे पैसे वळते करतात.

मी साडेपाचशेचा चार्जर घेतला आणि तिसरी बॅटरी त्याच्यावरच चालवतोय. दुसरी फवारणी झाली, एका चार्जिंगवर चौदा टाक्या निघाल्या. तुमचीही बॅटरी बसत असेल तर आज रात्री एकदा उठा, घरच्या लाइनचं व्होल्टेज पाहा आणि चार्जरचा दाब मोजा. लाइनच्या प्लगमध्ये मीटर घालायची सवय नसेल तर वायरमनकडून करून घ्या.