ढगांआडून धरणीवर नजर : ‘निसार’ उपग्रह

इतिहास शिकविताना आम्ही विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, की तारखांपेक्षा कारणे महत्त्वाची. तरीही ३० जुलै या तारखेपाशी आम्ही थांबतो. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यातले माळीण हे आदिवासी गाव दरडीखाली गाडले गेले. सुमारे दीडशे माणसे दगावली. ही वार्ता बाहेर आली ती एका एस.टी. चालकामुळे, नेहमीच्या ठिकाणी त्याला गाव दिसलेच नाही. बरोबर अकरा वर्षांनी, ३० जुलै २०२५ रोजी, श्रीहरिकोट्याहून ‘निसार’ हा ‘नासा’ आणि ‘इस्रो’ यांचा संयुक्त उपग्रह अवकाशात गेला. हा निव्वळ योगायोग होय. पण या दोन घटना शेजारी ठेवून वाचण्याजोग्या आहेत.

सामान्य छायाचित्रक उपग्रहाला उजेड लागतो आणि ढग त्याच्या आड येतात. दरडी कोसळतात त्या मात्र बहुधा पावसाळ्यात. निसारवर रडार आहे. ते स्वतःच्या सूक्ष्मलहरी सोडते व परतणारा प्रतिध्वनी टिपते. त्यामुळे रात्र आणि ढग यांची अडचण उरत नाही. त्यावर दोन रडार आहेत. नासाच्या रडारची लहर सुमारे २४ सेंटिमीटर लांबीची असून ती झाडीच्या पानोळ्यातून जमिनीपर्यंत पोहोचू शकते. इस्रोच्या रडारची लहर त्याहून आखूड आहे. दोहोंसाठी १२ मीटर व्यासाची जाळीदार तबकडी अवकाशात छत्रीसारखी उघडण्यात आली.

भिंतीला भेग पडली, की आपण तिच्या टोकाशी पेन्सिलने खूण करतो आणि काही दिवसांनी भेग पुढे सरकली का, ते पाहतो. निसारची रीत अशीच आहे. तो १२ दिवसांनी त्याच मार्गावर परततो. दोन फेऱ्यांतील लहरींचे चढउतार ताडून पाहिले, की जमीन काही सेंटिमीटर सरकली वा खचली असली तरी ध्यानात येते.

हा उपग्रह भविष्य सांगत नाही. भूकंपाचा दिवस त्याला कळत नाही. एकाच रात्रीच्या पावसाने अकस्मात सुटलेली दरड आधी खूण देईलच असेही नाही. परंतु हळूहळू सरकणारे उतार त्यामुळे ओळखता येतात. पुढे भूवैज्ञानिकांनी तिथे जाऊन पाहणी करावयाची आणि वस्ती वेळेत हलवावयाची असते.

आमची चिंता इथेच आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. बचावपथकांना डोंगर पायी चढावा लागला. निसारची माहिती सर्वांना विनामूल्य खुली ठेवण्याचे धोरण आहे. मात्र खुले असणे आणि हाती येणे यांतील अंतर आम्हांस इतिहासाने शिकविले आहे. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली केला. चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी १९२७ साली महाडला जावे लागले.

आपल्या वसतिगृहातील कितीतरी मुले अशाच डोंगरपायथ्याच्या पाड्यांवरून येतात. त्यांच्यापैकी कोणी उद्या हे नकाशे वाचावयास शिकेल आणि त्यांचा अर्थ आपल्या पाड्याला पावसाळ्यापूर्वी समजावून सांगेल, अशी आमची अपेक्षा आहे.