साठीनंतर कळसूबाई : चढण्यापूर्वी उतरण्याचा विचार

पावसाळा सरून दसरा-दिवाळीचे दिवस जवळ आले की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. विचारणारे बहुधा साठी-पासष्टीचे गृहस्थ किंवा गृहिणी असतात आणि सोबत मुलगा अथवा सून असते. ‘डॉक्टर, कळसूबाईला जाऊ ना?’ असे ज्येष्ठ विचारतात, तर ‘डॉक्टर, यांना जरा समजावा,’ असे सोबतचे म्हणतात. घरातील हा वाद बहुतेक वेळा वयाच्या आकड्याभोवती फिरत राहतो. वास्तविक वय हा या प्रश्नाचा खरा निकष नव्हे. हृदय, गुडघे, दृष्टी, तोल आणि चालू असलेली औषधे या पाच गोष्टी पाहून उत्तर द्यावे लागते. तेही माथा गाठण्यापुरते नव्हे, तर सुखरूप पायथ्याशी परत येईपर्यंतच्या प्रवासाचा विचार करून.

शिखराची ओळख

कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर. त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची १६४६ मीटर आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले आणि नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी या तालुक्यांच्या सीमेवर ते उभे आहे. बारी गावातून वर जाणारी वाट सर्वाधिक वापरातली. उभ्या कड्यांच्या ठिकाणी लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत आणि माथ्यावर कळसूबाई देवीचे लहानसे मंदिर आहे. हवा स्वच्छ असेल तर तेथून भंडारदऱ्याचा जलाशय, रतनगड आणि अलंग, मदन, कुलंग ही दुर्गत्रयी दिसते. त्याखालोखाल उंचीचा मान बागलाण तालुक्यातील साल्हेरचा. १५६७ मीटर उंचीचा हा राज्यातील सर्वांत उंच किल्ला असून १६७२ च्या लढाईमुळे तो मराठ्यांच्या इतिहासात अजरामर झाला आहे. त्याच्या माथ्यावर परशुरामाचे मंदिर आहे. अशा ठिकाणी एकदा तरी जावे, ही ज्येष्ठांची इच्छा केवळ हौस म्हणून झटकून टाकण्याजोगी नाही. तिच्यामागे अनेकदा श्रद्धा असते आणि ‘अजून आपल्याला जमते’ हे स्वतःला पटवून देण्याची निकडही असते.

अडचण उंचीची की चढणीची?

‘वर प्राणवायू कमी पडेल का?’ ही शंका पुष्कळ जण बोलून दाखवतात. विरळ हवेमुळे होणारा आजार सामान्यतः २५०० मीटरच्या वर दिसू लागतो. कळसूबाईच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा एक-पंचमांशाहून किंचित कमीच घटलेला असतो. निरोगी व्यक्तीला त्याची फारशी जाणीव होत नाही. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा जुना विकार असलेल्यांनी मात्र आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

खरा कस लागतो तो उभ्या चढणीत. बारी गावापासून माथ्यापर्यंत सुमारे आठशे ते नऊशे मीटर उंची चढावी लागते. इमारतीचा एक मजला तीन मीटरचा धरला तर हे जवळजवळ पावणेतीनशे ते तीनशे मजले होतात. घरातील दोन मजले चढताना जिन्यात थांबावे लागणाऱ्या व्यक्तीने या हिशेबाकडे शांतपणे पाहावे.

गुडघ्यांची परीक्षा उतरताना

चढताना हृदय आणि श्वास यांच्यावर भार येतो. धाप लागते, मनुष्य थांबतो, पाणी पितो, पुन्हा चालू लागतो. शरीर स्वतःच इशारा देत असते. उतार मात्र फसवा असतो. श्वास सुरळीत चालतो, त्यामुळे ‘आता सोपे आहे’ असे वाटते. प्रत्यक्षात मांडीचे पुढचे स्नायू प्रत्येक पावलाला ताणले जात असतानाच शरीराचे वजन पेलून धरत असतात. हे काम स्नायूंना सर्वाधिक थकवणारे असते. थकलेले स्नायू गुडघ्याला आधार देईनासे होतात, पाय लटपटू लागतात आणि नेमक्या त्याच वेळी वाटेवर घसरती माती किंवा शिडीची पायरी येते. हाडे ठिसूळ झालेल्या व्यक्तीच्या बाबतीत एका साध्या घसरण्याचा शेवट खुब्याच्या अस्थिभंगात होऊ शकतो. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांच्या डोक्याला मार लागल्यास, बाहेरून जखम दिसत नसली तरी, आत रक्तस्राव होण्याचा धोका असतो.

आणखी एक बारकावा चष्म्याचा. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह भिंगांच्या खालच्या भागातून जवळचे वाचता येते, पण पायाखालची पायरी धूसर दिसते. शिडी उतरताना त्याच भागातून पाहिले जाते आणि पाऊल चुकते. अशा वाटेसाठी केवळ दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घेणे हा सोपा उपाय आहे. तो नवा चष्मा घरच्या जिन्यावर आधी काही दिवस वापरून पाहावा.

निर्णयापूर्वीची तपासणी

पुढीलपैकी काही असल्यास डॉक्टरांनी स्पष्ट अनुमती दिल्याशिवाय चढाईचा विचारही करू नये : चालताना छातीत दडपण येणे, श्रमाने भोवळ किंवा बेशुद्धी येणे, अलीकडे झालेला हृदयविकाराचा झटका किंवा अँजिओप्लास्टी, आटोक्यात नसलेला रक्तदाब, पायांवर सूज, वारंवार तोल जाणे. विश्रांतीच्या अवस्थेत काढलेला ईसीजी निर्दोष आला म्हणजे श्रम सोसण्याची हमी मिळाली, असे मानू नये. आवश्यकता वाटल्यास डॉक्टर टू-डी इको किंवा ट्रेडमिल चाचणी सुचवतील.

तपासणीत हरकत आढळली नाही तर दहा-बारा आठवड्यांची तयारी करावी. प्रथम रोजचे सपाटीवरचे चालणे, मग घरचा जिना, त्यानंतर पुणेकरांना पर्वती, नाशिककरांना पांडवलेणी आणि शेवटी सिंहगडासारखा एखादा गड पायी चढून-उतरून यावे. चालताना पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. आठवड्यातून दोन-तीन दिवस खुर्चीवरून हातांचा आधार न घेता सावकाश उठण्या-बसण्याचा व्यायाम करावा. बसताना चार अंक मोजावेत, कारण उतारासाठी लागणारे बळ त्यातूनच येते. सरावाचा निकाल पाहावा तो दुसऱ्या दिवशी सकाळी. गड उतरून आल्यावर पुढच्या दिवशी कठडा न धरता घरचा जिना उतरता आला, तर तयारी योग्य दिशेने चालली आहे असे समजावे.

औषधे, उपवास आणि अनवाणी चढाई

नवरात्रात कळसूबाईच्या दर्शनाला भाविकांची रीघ लागते. याच दिवसांत उपवास असतो आणि काही जण अनवाणी चढण्याचा नवस बोललेले असतात. मधुमेही व्यक्तीने इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही विशिष्ट गोळ्या घेतल्या, पोटात पुरेसे अन्न गेले नाही आणि वर चढाईचे श्रम झाले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, कंप, गोंधळलेले बोलणे ही तिची चिन्हे. श्रमांचा हा परिणाम काही तासांनी, अगदी रात्री झोपेतही दिसू शकतो. म्हणून त्या दिवशीच्या मात्रेबद्दल डॉक्टरांना आधीच विचारावे. खिशात साखर किंवा ग्लुकोज असावे आणि ते सोबतच्या व्यक्तीलाही ठाऊक असावे. मधुमेहामुळे तळपायांची संवेदना मंदावलेली असल्यास अनवाणी चढू नये. काटा रुतल्याचे किंवा फोड आल्याचे कळतच नाही आणि जखम चिघळते. मंदिराच्या उंबऱ्यापाशी पादत्राणे उतरवूनही भक्ती पूर्ण होते.

रक्तदाबासाठी लघवीचे प्रमाण वाढवणारी गोळी चालू असेल तर शरीरातील पाणी व क्षार लवकर घटतात. ती गोळी परस्पर बंद करू नये, त्या दिवशी कशी घ्यावी ते विचारून घ्यावे. मेटोप्रोलोल किंवा अॅटेनोलोलसारख्या औषधांमुळे नाडीचा वेग वाढत नाही. त्यामुळे मनगटी घड्याळातील आकड्यावर विसंबून ‘आपण थकलेलो नाही’ असा निष्कर्ष काढू नये. वाढत्या वयात तहानेची जाणीवही बोथट होते, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट पाणी घ्यावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांचे पाणी मोजून दिलेले असेल, त्यांनी मात्र आपली मर्यादा विचारून ठरवावी.

चढाईच्या दिवशी

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात खडक निसरडे होतात आणि एप्रिल-मे महिन्यांत उष्माघाताची भीती असते. सूर्योदयासाठी अंधारात चढण्याची प्रथा तरुणांसाठी राहू द्यावी. शनिवार-रविवारी शिड्यांवर गर्दी होते आणि मागच्यांच्या घाईमुळे ज्येष्ठांचा तोल बिघडतो. त्यामुळे मधल्या वारी, उजाडताच निघावे आणि शेवटची उतरण अंधार पडण्याच्या पुष्कळ आधी संपवावी.

शिडीवर दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन नेहमी टेकलेले असावेत. काठी तेवढ्यापुरती सोबत्याकडे द्यावी. उतरताना शिडी फार उभी असेल तर तिच्याकडे तोंड करून उतरावे. सोबतच्या व्यक्तीने चढताना ज्येष्ठांच्या मागे आणि उतरताना त्यांच्या पुढे, म्हणजे दोन्ही वेळा खालच्या बाजूला, राहावे. चालण्याचा वेग ज्येष्ठांनीच ठरवावा.

माघारीचा करार

निघण्यापूर्वी घरीच दोन गोष्टी ठरवून टाकाव्यात. पहिली, माघारीची वेळ. उदाहरणार्थ, ‘दुपारी बारा वाजता जेथे असू तेथून परत फिरायचे,’ मग माथा समोर दिसत असला तरी. दुसरी, माघारीची चिन्हे. छाती, जबडा, पाठ किंवा हात यांत दडपण, दरदरून घाम, भोवळ, थांबूनही न शमणारी धाप, पाय लटपटणे. ज्येष्ठांमध्ये, विशेषतः मधुमेहींमध्ये, हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो. अकारण वाटणारा विलक्षण थकवा हेच त्याचे एकमेव लक्षण असू शकते. अशा वेळी ‘एवढे आलोच आहोत तर’ हे वाक्य कोणीही उच्चारू नये. रुग्णाला तेथेच बसवावे, चालवू नये, १०८ वर संपर्क साधावा आणि पायथ्याच्या गावकऱ्यांची मदत मागवावी. कड्यावर रुग्णवाहिका येत नाही, खाली आणण्यात काही तास जातात. निर्णय लवकर घ्यायचा तो याचसाठी.

परतल्यावर दोन-तीन दिवस मांड्या दुखणे स्वाभाविक आहे. मात्र लघवीचा रंग चहासारखा गडद झाला, एकाच पोटरीला सूज आली किंवा छातीत अस्वस्थ वाटले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

ज्यांना चढाई वर्ज्य आहे, त्यांनी मन खट्टू करण्याचे कारण नाही. महाबळेश्वरचे विल्सन पॉइंट १४३९ मीटर उंचीवर असून तेथपर्यंत मोटार जाते. वणीच्या सप्तशृंगगडावर देवीच्या मंदिरापर्यंत फ्युनिक्युलर ट्रॉलीची सोय आहे. कळसूबाईच्याही पायथ्याशी जाऊन, पहिल्या टप्प्यापर्यंत चालून, शिखराकडे पाहत शिदोरी सोडता येते. यंदा तेवढे करावे, सराव चालू ठेवावा आणि पुढच्या हिवाळ्यात डॉक्टरांना पुन्हा विचारावे.