वेगाबरोबर वर येणारा स्पॉयलर : तो काय करतो आणि बसवताना काय पाहावं

आजचा आपला विषय आहे स्पोर्ट्स कारच्या मागे बसवला जाणारा, मोटरवर वरखाली होणारा स्पॉयलर. बऱ्याच जणांना ही शोभेची वस्तू वाटते, आणि पुष्कळ गाड्यांवर ती तशी असतेही. पण खऱ्या वेगाच्या गाडीवर नीट बसवलेला स्पॉयलर मागची चाकं रस्त्याला धरून ठेवतो आणि चुकीचा बसवलेला गाडी हातातून घालवतो. म्हणून आधी तो काय करतो ते पाहू, मग बसवण्याकडे वळू.

गाडी धावते तेव्हा हवा टपावरून मागच्या उतारावर घसरत खाली येते. या उतारावर हवेचा दाब कमी होतो आणि गाडीचा मागचा भाग वर ओढला जातो. ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, ताशी १०० किलोमीटरला ती १० किलो वजनाइतकी आहे. मग २०० ला ती २० नाही, ४० किलो होते. २५० ला साधारण ६२ किलो. म्हणजे ज्या वेगात टायरची पकड सगळ्यात जास्त हवी, त्याच वेगात मागची चाकं हलकी होतात.

यात किती धोका असतो, याचं उदाहरण जर्मनीतलं आहे. ऑडी टीटी ही गाडी १९९८ मध्ये बाजारात आली. गोलाकार, देखणी, मागे स्पॉयलर नाही. अतिवेगात एकदम लेन बदलताना किंवा वळताना तिचे गंभीर अपघात होऊ लागले. कंपनीने गाड्या परत बोलावल्या, सस्पेन्शनमध्ये बदल केले, घसरण आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा दिली आणि मागे एक छोटा स्पॉयलर बसवला. २००६ मध्ये दुसरी पिढी आली, तिच्यात हा स्पॉयलर वेगाबरोबर आपोआप वर येणारा होता.

मग तो हलता कशाला? कायमचाच का नको? कारण त्याची किंमत मोजावी लागते. उभा स्पॉयलर हवेला अडवू शकतो, मागचं दिसणं कमी करतो, आणि कमी वेगात त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. पोर्शे ९११ च्या १९७२ च्या कॅरेरा आरएसवर बदकाच्या शेपटीसारखा कायमचा स्पॉयलर होता. पुढे १९८९ च्या सुमारास आलेल्या ९६४ या पिढीत तो मोटरवर गेला : ताशी ८० किलोमीटर ओलांडले की वर, गाडी अगदी सावकाश झाली की खाली.

आता बसवण्याकडे येऊ. पहिला प्रश्न मोटरचा नाही, भार कुठे जाणार याचा आहे. स्पॉयलर डिकीच्या झाकणाला चिकटून हवेची वाट बदलतो. विंग म्हणजे अंतर ठेवून बसवलेला, उलट्या पंखासारखा फळा, आणि तो स्वतःच खाली दाबतो. सव्वा मीटरच्या आसपास लांब आणि २० सेंटिमीटर रुंद विंग, मध्यम कोनात, ताशी १०० ला साधारण ११ किलोने दाबते. २०० ला ४५ किलोने, म्हणजे डिकीवर जवळपास सिमेंटची एक गोणी. पत्र्याला नुसतं भोक पाडून बोल्ट आवळला तर तिथला पत्रा हळूहळू चिरतो. आतून रुंद पट्टी देऊन भार पसरवावा लागतो. झाकणाचं वजन वाढल्याने ते उचलून धरणारे गॅसचे दांडेही त्या ताकदीचे हवेत. रस्त्यावर नेण्याआधी अपेक्षेच्या दुप्पट वजनाची वाळूची पोती ठेवून पाहणं, ही साधी आणि खात्रीची चाचणी.

दुसरा प्रश्न यंत्रणेचा. इथे आट्यांच्या दांड्यावर सरकणारा नट वापरणं सोयीचं असतं. गाडी उचलायचा स्क्रूचा जॅक आठवा : हँडल सोडलं तरी गाडी खाली येत नाही. तसंच इथे मोटर बंद पडली तरी हवा स्पॉयलरला ढकलून खाली बसवू शकत नाही. डावी-उजवीकडे दोन वेगळ्या मोटरी लावल्या तर एक पुढे, एक मागे राहून फळा पिळवटतो. म्हणून एकाच मोटरने दोन्ही बाजू फिरवणं बरं. दोन्ही टोकांना मोटर थांबवणारे स्विच हवेत, स्वतंत्र फ्यूज हवा, आणि डिकीच्या बिजागरीपाशी वायर रबरी नळीतून न्यावी, नाहीतर झाकण उघडून-मिटून ती तिथेच तुटते.

तिसरा, हुकूम कोण देणार? वेगाची माहिती चाकांच्या सेन्सरकडून मिळते. पण ८० ला वर आणि ८० लाच खाली असं ठेवलं, तर ७९-८१ वर चाललेल्या गाडीत स्पॉयलर सारखा उठाबशा काढत राहील. म्हणून खाली येण्याचा वेग बराच कमी ठेवतात. बोट अडकलं तर मोटरला थांबायला कळलं पाहिजे, ही सोयही हवीच.

चौथा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : बिघडलं तर काय? १९६९ च्या स्पॅनिश ग्रां प्रीमध्ये, बार्सिलोनाच्या मोंजुइक सर्किटवर, ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट यांच्या लोटस गाड्यांच्या उंच विंग मोडल्या आणि दोघंही आदळले. रिंट जखमी झाला. त्याच महिन्यात मोनॅकोमध्ये अशा विंगवर बंदी आली. दाबाच्या भरवशावर वळण घ्यावं आणि दाबच नाहीसा व्हावा, यात सावरायला वेळ मिळत नाही. आपली रचना अशी हवी की स्पॉयलर वर अडकला तर फार तर पेट्रोल जास्त जाईल, आणि खाली अडकला तर डॅशबोर्डवर दिवा लागून चालक आपणहून वेग कमी करेल. वेगात असताना तो अर्धवट किंवा तिरका अडकता कामा नये.

शेवटी तोल. विंग मागच्या चाकांच्याही मागे असते, म्हणून ती तरफेसारखं काम करते : मागे दाबते आणि पुढचं टोक किंचित उचलते. फक्त मागचा दाब वाढवत गेलं की स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळ जाऊ पाहते. त्यामुळे पुढच्या ओठाचा, म्हणजे बंपरखालच्या पट्टीचा विचार बरोबरीने करावा लागतो.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींची कमाल वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे. त्या वेगात आपल्या हिशेबातल्या विंगचा फायदा होतो ११ किलोचा. ही वस्तू खरी कामाला येते ती रेस ट्रॅकवर. तरीही बसवायची असेल तर आरटीओ आणि विमा कंपनीला आधी विचारा. आणि गॅरेजवाल्याला ‘किती लवकर वर येतो?’ हे विचारण्याआधी विचारा, ‘दोनशेच्या वेगात मोटर बंद पडली तर हा कुठे थांबेल?’ त्याचं उत्तर पटलं, तरच पहिलं भोक पाडू द्या.