बोस्टनमधील भाड्याची खोली आणि घराण्याची पत

बार्शी, सांगली किंवा लातूरच्या पेठेत ज्या घराण्याचे नाव सांगताच लाखोंचा माल उधारीवर मिळतो, त्याच घराण्यातील मुलगी उच्च शिक्षणासाठी बोस्टनला जाते, तेव्हा तिला एका अनपेक्षित प्रश्नाला तोंड द्यावे लागते. खोली देणारा घरमालक तिच्याकडे ‘क्रेडिट स्कोअर’ मागतो. तीन पिढ्यांची पेढी, वेळेवर चुकती केलेली देणी, बँकेतील ठेवी, यांपैकी काहीच त्याच्या हिशेबात धरले जात नाही. तेथे पत मोजली जाते ती अमेरिकेत घेतलेल्या व फेडलेल्या कर्जाच्या नोंदींवरून, आणि त्या नोंदी तर ती विमानातून उतरल्यानंतरच सुरू व्हायच्या असतात. सोशल सिक्युरिटी क्रमांकही विद्यार्थी व्हिसावर आलेल्यास काही काम मिळाल्याखेरीज मिळत नाही.

अशा वेळी व्यापारी घरातील वडिलांच्या मनात पहिला उपाय येतो तो रोख रकमेचा. वर्षाचे भाडे एकदम देऊन टाकले की प्रश्न मिटला, असे त्यांना वाटते. मॅसॅच्युसेट्स राज्याचा कायदा मात्र वेगळे सांगतो. घर ताब्यात देताना घरमालकाला चारच गोष्टींचे पैसे मागता येतात: पहिल्या महिन्याचे भाडे, शेवटच्या महिन्याचे भाडे, जास्तीत जास्त एका महिन्याच्या भाड्याइतकी अनामत, आणि नव्या कुलूप-किल्लीचा खर्च. ‘तुम्ही परदेशी, तुमची पत नाही, म्हणून सहा महिन्यांचे भाडे आगाऊ द्या’ ही मागणी या चौकटीत बसत नाही. शिवाय ज्याने सगळे भाडे आधीच मोजले, त्याच्या तक्रारीला काय वजन उरते, हे बाजारात बसणाऱ्याला सांगण्याची गरज नाही.

अनामतीबाबत तर हा कायदा इतका काटेकोर आहे, की जुन्या मुनिमांनाही तो आवडला असता. ती रक्कम घरमालकाने स्वतःच्या पैशात न मिसळता राज्यातील बँकेत वेगळ्या व्याजी खात्यात ठेवायची आणि बँकेचे नाव व खाते क्रमांक असलेली पावती ३० दिवसांच्या आत द्यायची. घर सोडल्यानंतर ३० दिवसांच्या आत ती परत करायची किंवा कपातीचा तपशीलवार हिशेब द्यायचा. यात कसूर झाली तर न्यायालय तिप्पट रक्कमही देववू शकते. घराच्या स्थितीचे लेखी निवेदन भाडेकरूला मिळते. त्यात न नोंदलेले दोष त्याने १५ दिवसांच्या आत लिहून कळवायचे असतात. भिंतीवरील ओल, तुटलेली खिडकी, शेगडीचा न पेटणारा बर्नर यांची छायाचित्रे पहिल्याच दिवशी काढणारी मुले पुढील वर्षी पैसे परत मिळवतात. प्रवासाने दमलेली मुले हे काम उद्यावर टाकतात.

प्रत्यक्ष आकडा किती होतो, ते पाहावे. समजा, चौघांनी मिळून महिना ४,००० डॉलरचे घर घेतले. पहिला महिना, शेवटचा महिना आणि अनामत मिळून १२,००० डॉलर, म्हणजे प्रत्येकी ३,००० डॉलर, वर्ग सुरू होण्यापूर्वीच हातातून जातात. पूर्वी यात आणखी एक महिन्याची दलाली मिळत असे. दलाल नेमायचा घरमालकाने आणि दलाली द्यायची भाडेकरूने, असा तेथील अजब रिवाज होता. १ ऑगस्ट २०२५ पासून राज्याने तो मोडला; आता ज्याने दलाल नेमला, त्यानेच त्याचे पैसे द्यायचे. जुन्या सवयीने दलाली मागणारा कोणी भेटलाच, तर ‘आपल्याला कोणी नेमले?’ एवढा प्रश्न पुरेसा असतो.

पैशांइतकीच अडचण दिनदर्शिकेची. बोस्टनमधील बहुतेक भाडेकरार १ सप्टेंबरला सुरू होतात आणि ३१ ऑगस्टला संपतात. एका दिवसात निम्मे शहर घर बदलत आहे असे वाटावे, इतके ट्रक रस्त्यावर उतरतात. नदीकाठच्या स्टॉरो ड्राइव्हवरील ठेंगण्या पुलांखाली त्यांतले एखाददुसरे दरवर्षी अडकतेच. पदपथांवर टाकून दिलेल्या गाद्या, टेबले, दिवे यांच्या राशी पडतात. ऑलस्टन भागात या दिवसाला विनोदाने ‘ऑलस्टनचा ख्रिसमस’ म्हणतात. टेबल-खुर्ची उचलण्यास हरकत नाही. गादी मात्र फुकट मिळाली तरी घेऊ नये, कारण तिच्याबरोबर ढेकूण घरी येतात. विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांना अभ्यासक्रमाच्या आधी फार तर ३० दिवस अमेरिकेत प्रवेश मिळतो, म्हणून पुष्कळ मुले ऑगस्टमध्येच पोहोचतात. करार सुरू होईपर्यंतचे ते दोन-तीन आठवडे कोणा वरच्या वर्गातील विद्यार्थ्याच्या दिवाणखान्यात अंथरूण टाकून काढावे लागतात. ही सोय मुंबईहून निघण्यापूर्वी पक्की केलेली बरी.

मग पतीची जागा कशाने भरून काढायची? काही घरमालक प्रवेशपत्र, विद्यापीठाने दिलेला आय-२० फॉर्म, शैक्षणिक कर्जाचे मंजुरीपत्र आणि बँकेचे खातेउतारे यांवर समाधान मानतात. काही जण अमेरिकेत राहणारा जामीन मागतात. न्यू जर्सीतील मामांचे नाव येथे सहज सुचते. परंतु जामीन म्हणजे केवळ ओळख नव्हे, भाडे थकले तर ते भरण्याची कायदेशीर जबाबदारी आहे. मामांना फोन करण्यापूर्वी कराराचा मसुदा त्यांच्यापुढे ठेवणे हे नात्याच्या दृष्टीनेही योग्य. सर्वांत कमी खर्चाची वाट बहुधा तिसरी असते: ज्या घरात आधीपासून चांगले भाडेकरू आहेत आणि त्यांतला एक शिक्षण संपवून बाहेर पडत आहे, तेथे घरमालकाच्या लेखी संमतीने त्याची जागा घेणे. जुन्या भाडेकरूंचा शब्द घरमालक मानतो. पेठेतही नवा माणूस असाच कोणाच्या तरी ओळखीने उभा राहतो.

करारातील एका कलमाकडे मात्र घरच्यांनी स्वतः लक्ष द्यावे. चौघांनी एकाच करारावर सह्या केल्या, तर बहुधा प्रत्येक जण संपूर्ण भाड्याला जबाबदार असतो, केवळ आपल्या चौथ्या हिश्श्याला नव्हे. मे-जूनमध्ये भारतातून चौघे मित्र सह्या करतात. जुलैत एकाला व्हिसा नाकारला जातो. आणि उरलेल्या तिघांवर वर्षभर त्याचे हजार डॉलर येऊन पडतात. भागीदारीच्या पेढीत असा प्रसंग काय करतो, हे वाचकांना ठाऊक आहे. म्हणून व्हिसा हाती येण्यापूर्वी सही न करणे, निदान व्हिसा न मिळाल्यास दुसरा भाडेकरू आणण्याची मुभा करारात लिहून घेणे, हे दहा-वीस डॉलर भाडे कमी करून घेण्यापेक्षा किती तरी महत्त्वाचे.

फसवणुकीचा बाजारही याच महिन्यांत भरतो. सुंदर छायाचित्रे, आश्चर्य वाटावे इतके कमी भाडे, मालक ‘सध्या परगावी’, आणि खोली राखून ठेवण्यासाठी आजच पैसे पाठवण्याचा आग्रह, ही त्याची ठरलेली लक्षणे. बोस्टन शहराच्या मालमत्ता करविभागाच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या आहेत. पत्ता टाकला की मालकाचे नाव दिसते. ते नाव करारावरील नावाशी जुळते का हे पाहण्यास पाच मिनिटे लागतात. कोणा परिचिताने प्रत्यक्ष घरात उभे राहून व्हिडिओ कॉलवर खोल्या दाखवल्याखेरीज पैसे पाठवू नयेत.

घर कोठे घ्यावे, याचा हिशेब केवळ भाड्याचा नसतो. नॉर्थईस्टर्न विद्यापीठाजवळचे मिशन हिल पायी अंतरावर. ऑरेंज लाइनने उत्तरेकडील मॉल्डनला गेले तर भाडे उतरते, पण येण्या-जाण्याचा वेळ वाढतो आणि गाड्या रात्रभर चालत नाहीत. हार्वर्ड व एमआयटीच्या विद्यार्थ्यांना हेच गणित रेड लाइनवरील क्विन्सीबाबत मांडावे लागते. जुन्या लाकडी तिमजली घरांचे भाडे कमी दिसते. मात्र हिवाळ्यातील उष्णतेचे बिल भाड्यात धरलेले आहे की वेगळे, हे करारात वाचल्याशिवाय त्या स्वस्ताईवर विश्वास ठेवू नये.

जैन घरातील मुलांसाठी यात आणखी एक गोष्ट मिसळते. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बोस्टनमध्ये सूर्य सव्वाचारच्या सुमारास मावळतो. चौविहार पाळणाऱ्या मुलीचा वर्ग चारला संपत असेल, तर दहा मिनिटांवरच्या घरीही तिला जेमतेम चार घास खाता येतील. मॉल्डनला राहिली तर डबा बरोबर नेण्याला पर्याय नाही. तेव्हा तिच्यासाठी जवळच्या घराचे जास्त भाडे ही चैन ठरत नाही. स्वयंपाकघराचे नियमही आधीच बोलून घ्यावे लागतात. एकाच तव्यावर अंडे आणि पोळी चालणार का, कांदा-बटाटा कोणत्या कप्प्यात, भांडी वेगळी ठेवायला जागा आहे का, हे सही करण्यापूर्वी विचारले तर कोणाला राग येत नाही. ऑक्टोबरमध्ये विचारले तर येतो. जिरे-मोहरीच्या फोडणीने धुराचा भोंगा वाजतो, हा अनुभव मात्र सर्वांनाच येतो. नॉरवूड उपनगरात जैन सेंटर आहे. मोटारीशिवाय तेथे नेहमी जाणे कठीण, पण तेथील ओळखीतून घराबाबत चार शब्द सल्ल्याचे मिळू शकतात.

मुंबईतील पागडीच्या घरांची सवय असलेल्यांना शेवटी एक धक्का बसतो. मॅसॅच्युसेट्समधील भाडेनियंत्रण १९९४ च्या जनमताने रद्द झाले, आणि मुदत संपली की मालक नवे भाडे सांगू लागला. बाहेर बर्फ पडत असते, पहिल्या सत्राचे निकाल नुकतेच लागलेले असतात, आणि दारावर पत्र येते: पुढील १ सप्टेंबरपासून राहायचे आहे काय, आणि इतक्या भाड्यात. तोवर वर्षभराचे भाडे, वीज, फोन यांच्या पावत्या ज्या मुलीने नीट लावून ठेवलेल्या असतात, तिला या वेळी वडिलांना विचारण्यापूर्वी घरमालकाशी बोलता येते.