अंगाईचं अस्त्र

पोकेमॉनच्या खेळात ‘सिंग’ नावाची एक चाल आहे. इतर चाली जाळतात, शॉक देतात, विष चढवतात. ही नुसती गाते. गाणं लागू पडलं, की प्रतिस्पर्धी जागच्या जागी झोपतो आणि पुढचे काही डाव त्याला काहीच करता येत नाही. फेब्रुवारी १९९६मध्ये जपानात ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ हे पहिले खेळ गेम बॉयवर आले, तेव्हापासून ही चाल आहे. लाप्रास आणि चॅन्सी हे पोकेमॉनही ती शिकतात, पण तिच्याशी नाव जोडलं गेलं ते जिग्लीपफचं: अर्धा मीटर उंची, साडेपाच किलो वजन, गुलाबी गोल अंग आणि त्यात न मावणारे डोळे.

नागपूरच्या रामदासपेठेत आमच्या इमारतीच्या जिन्यात उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांचा अड्डा असतो. बाहेर ऊन मी म्हणत असतं, लेंड्रा पार्ककडे कुणी फिरकत नाही, आणि एका मोबाइलभोवती चार डोकी जुळलेली असतात. पडद्यावर जिग्लीपफ गाते, सूर तरंगत जातात आणि खाली अक्षरं उमटतात: चाल चुकली. “काहून बे, पुन्हा मिस?” पुन्हा बटण. पुन्हा मिस. तिसऱ्यांदा समोरचा झोपतो आणि जिना दणाणतो.

मुलांची ही चिडचिड आकड्यांतच पेरलेली आहे. ‘सिंग’ची अचूकता १००पैकी ५५. सलग दोनदा गायलं, तर दोन्ही गाणी वाया जाण्याची शक्यता सुमारे २० टक्के, तीन वेळा गायलं तरी ९ टक्के उरतेच. त्याच खेळात ‘हिप्नोसिस’ची अचूकता ६०, ‘स्लीप पावडर’ची ७५ आणि बुरशीचे कण उडवणाऱ्या ‘स्पोर’ची पूर्ण १००. म्हणजे गुंगी आणायची तर भुकटी भरवशाची, गाणं बेभरवशाचं. स्पर्धा खेळणारे ‘सिंग’ला म्हणूनच कमी लेखतात. मला मात्र ५५ हा आकडा अगदी खरा वाटतो. भुकटी नाकात गेली की काम झालं. गाणं ऐकणाऱ्याने ऐकून घ्यावं लागतं. २००२च्या ‘रुबी’ आणि ‘सफायर’मध्ये ‘साउंडप्रूफ’ नावाची क्षमता आली आणि ती अंगी असणाऱ्यावर हे गाणं चालेनासं झालं. उलट २०१३पासून ‘सब्स्टिट्यूट’च्या बाहुलीआड लपलेल्यालाही गाणं गाठू लागलं, कारण आवाज आडोसा मानत नाही. हे नियम ज्यांनी बसवले, त्यांनी ध्वनीचा स्वभाव नीट न्याहाळलेला आहे.

विदर्भातल्या वाचकाला हे सगळं ओळखीचं वाटायला हवं. युद्धात झोप आणणारं अस्त्र आपल्याकडे आहे आणि त्याची गोष्ट विदर्भाच्या वाटेवरच घडते. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त राजपुत्र अज विदर्भाच्या राजकन्येच्या, इंदुमतीच्या, स्वयंवराला निघतो. नर्मदेकाठी एक रानहत्ती चालून येतो. अजाचा बाण लागताच त्या हत्तीतून शापमुक्त गंधर्व बाहेर पडतो. त्याचं नाव प्रियंवद. गंधर्व म्हणजे गाणाऱ्यांची जात. तो अजाला संमोहन अस्त्र देतो, सोडण्याचा मंत्र वेगळा आणि आवरण्याचा वेगळा. त्याचा गुण असा की शत्रू मरत नाही आणि विजय मिळतो. पाचव्या सर्गात मिळालेलं हे अस्त्र सातव्यात वापरलं जातं. इंदुमतीने अजाला वरल्यावर चिडलेले राजे परतीच्या वाटेवर त्याला अडवतात, आणि अज ते सोडतो. सैन्य झोपतं: शिरस्त्राणं खांद्यावर घसरलेली, अंगं ध्वजांच्या खांबांना टेकलेली.

रामटेक म्हणजेच ‘मेघदूता’तला रामगिरी, हे मत आग्रहाने मांडणारे अभ्यासक वा. वि. मिराशी नागपूरचेच. त्यामुळे इथे कालिदासाची आठवण मुख्यतः ‘मेघदूता’च्या निमित्ताने निघते, आणि हा सातवा सर्ग मागे राहतो. तो मागे राहावा याचं मला खरोखर वाईट वाटतं. कारण पुढे जे घडतं, ते जिग्लीपफ पाहिलेल्या प्रत्येक मुलाला चटकन कळेल. अज शंख फुंकतो आणि झोपलेल्या राजांच्या ध्वजांवर रक्ताळलेल्या बाणांच्या टोकांनी लिहवून घेतो, की रघुपुत्राने तुमचं यश नेलं, दयेपोटी प्राण ठेवले. पोकेमॉनच्या कार्टून मालिकेतली जिग्लीपफही झोपलेल्यांवर लिहिते! जपानमध्ये १९९८मध्ये दाखवलेल्या भागात ती पहिल्यांदा गायली. श्रोते गाणं संपायच्या आत घोरू लागले, तेव्हा तिचे गाल फुगले, आणि मायक्रोफोनसारख्या दिसणाऱ्या मार्करने तिने सगळ्यांची तोंडं रंगवली. अजाचं लिहिणं विजयाचं आहे, तिचं दुखावलेल्या गायिकेचं. गाणं शेवटपर्यंत कुणीतरी ऐकावं, एवढीच तिची इच्छा, आणि तिची कलाच ती पुरी होऊ देत नाही.

असं अस्त्र मोकाट सोडू नये, हेही दोन्हीकडे ठाऊक आहे. महाभारतात परशुरामाशी लढताना भीष्माच्या हाती झोप आणणारं प्रस्वाप अस्त्र होतं. नारदाने आणि देवांनी त्याला ते सोडू दिलं नाही. पोकेमॉनच्या कित्येक स्पर्धांत ‘स्लीप क्लॉज’ असतो: प्रतिस्पर्ध्याच्या संघातला एकच गडी एका वेळी झोपवायचा.

गाण्याने खरंच झोप येते का? ‘एमराल्ड’ या खेळातली नोंद सांगते, की जिग्लीपफच्या आवाजाच्या लहरी गाढ झोपेतल्या मेंदूच्या लहरींशी जुळतात. हे शब्दशः शक्य नाही. गाढ झोपेतल्या लहरी सेकंदाला सुमारे अर्ध्या ते चार, आणि आपला कान ऐकू लागतो विसापासून पुढे. पण अंगाईसोबतचे झोके त्या संथपणाच्या जवळ जातात. जिनिव्हातल्या संशोधकांनी २०११मध्ये प्रौढांना चार सेकंदांना एक झोका या गतीने हलणाऱ्या पलंगावर दुपारी निजवलं. ते लवकर झोपले आणि त्यांच्या मेंदूतल्या संथ लहरीही वाढल्या. शेताच्या धुऱ्यावर बाभळीला झोळी बांधणाऱ्या बाईच्या हाताला ही गती आधीपासून माहीत आहे. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या हार्वर्डच्या अभ्यासात अमेरिकी बाळांना अनोळखी भाषांतल्या अंगाया ऐकवल्या. शब्द कळत नसतानाही, इतर गाण्यांच्या तुलनेत, अंगाई ऐकताना त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावले.

खेळातली मला सर्वांत मोलाची वाटणारी नोंद ‘सफायर’मध्ये आहे. गाताना जिग्लीपफ श्वास घेत नाही. समोरचा लवकर झोपला नाही, तर तिच्याच जिवावर बेततं. कालिदासाच्या अस्त्राला अशी किंमत नाही. अजाने नर्मदेचं पाणी आचमून मंत्र घेतला, तेवढं पुरलं. मांडीवरचं पोर झोपत नाही म्हणून रात्री दोन वाजता घसा बसेतो गाणारी आई त्या दोन ओळींत आहे.

जिन्यातल्या मुलांना मी अजाची गोष्ट सांगितली. पहिला प्रश्न आला, “अॅक्युरसी किती?” शंभर, म्हटलं. “आणि किती टर्न झोपले?” ते सातव्या सर्गात नाही. आवरण्याचा मंत्र अजाकडे होता, पण तो म्हटल्याचा उल्लेख तिथे येत नाही. अज इंदुमतीकडे परततो, तिला वैदर्भी म्हणून हाक मारतो आणि शत्रू दाखवतो: आता एखादं तान्हं पोरही यांच्या हातातली शस्त्रं काढून घेईल.