ऊन झेलणारी जाळी

वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठाचं कुलगीत लिहिलं एका रसायनशास्त्रज्ञानं, शांतिस्वरूप भटनागर यांनी. त्यांच्या नावाचा पुरस्कार २०१८ मध्ये रसायनशास्त्रज्ञ राहुल बॅनर्जींना मिळाला. बॅनर्जींचा विषय ‘कॉफ’, म्हणजे हलक्या अणूंच्या भक्कम बंधांनी विणलेले सच्छिद्र स्फटिक. २००५ चे पहिले कॉफ पाणी लागलं की मोडत. २०१२ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बॅनर्जींच्या गटानं उकळतं पाणी, आम्लही पचवणारे कॉफ घडवले.

पुढे अशा कॉफच्या जाळीवर कॅडमियम सल्फाइडचे कण बसवून त्यांनी प्रकाशात पाण्यातून हायड्रोजन काढला. प्रकाशानं उसळलेला इलेक्ट्रॉन माघारी फिरला, की मेहनत फुकट. जाळी त्याला दूर नेते. मात्र त्याची रिकामी जागा भरायला वेगळं रसायन खर्ची पडतं, आणि खरी अडचण तीच.